ट्रेमधली मेथी आणि काकाचा राब

माझा तिसरा ट्रेही आडवा झाला, तेव्हा मात्र मी हात टेकले.

ट्रे म्हणजे मायक्रोग्रीन्सचा. गेल्या हिवाळ्यात हे खूळ डोक्यात शिरलं. टीममधल्या एकीने डब्यात पोह्यांवर मुळ्याची कोवळी रोपं भुरभुरून आणली होती. चव झणझणीत, दिसायला सुंदर. आणि तिने सांगितलं, "काही नाही रे, आठ दिवसांचं काम आहे." आठ दिवस म्हणजे आमच्या एका स्प्रिंटपेक्षाही कमी! म्हटलं, आपल्याला हे जमायलाच हवं.

पहिल्या ट्रेत मेथी टाकली. सहाव्या दिवसापर्यंत दृष्ट लागावी अशी उगवली. सातव्या दिवशी सकाळी बघतो तर मधोमध वाटीएवढं टक्कल. रोपं बुंध्याशी पिचलेली, कुणी दोऱ्याने आवळल्यासारखी, आणि सगळी एकमेकांच्या अंगावर पडलेली. दुसऱ्या ट्रेत मोहरी, तीच गत. तिसऱ्यात पुन्हा मेथी, तीही गेली. माती सोसायटीच्या बागेतली होती, पाणी वेळेवर होतं, ऊन होतं. म्हणजे बग नक्की कुठे आहे तेच कळेना.

शेवटी काकाला फोन लावला. आमचं गाव खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. काका अजून तिथे भात लावतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"माती भाजली होतीस का?"

"काका, माती कोण भाजतं?"

"मग आपण राब काय शेकोटीसाठी घालतो होय रे?"

मी गप्प. लहानपणी दर मे महिन्यात मी तो राब जळताना बघितलाय. त्याच्या धुराने डोळे चोळलेत. पण तो का जाळतात हे सत्तावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. इंजिनियरिंगची चार वर्षं धरून!

मग पुढचे चार-पाच वीकेंड मी या राबाच्या मागे लागलो. जे सापडलं ते माझ्या ट्रेपेक्षा बरंच मोठं निघालं.

राब म्हणजे काय?

ज्यांचं गाव घाटावर आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. भात थेट शेतात फेकून पेरलं तर तण त्याला खाऊन टाकतं. म्हणून आधी एका छोट्या तुकड्यात दाट पेरायचं, साधारण तीन आठवड्यांची रोपं झाली की उपटून त्यांच्या मुठी बांधायच्या, आणि चिखल केलेल्या शेतात लावायच्या. एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे शेताच्या एक दशांश जागेत पूर्ण शेताची रोपं. किती गर्दी झाली बघा.

आता मायक्रोग्रीन्सचा ट्रे आठवा. इथेही दाट पेरलेलं बी, ओल, आणि दोन पानांची इवलीशी रोपं. फरक एवढाच की आपण ती कापून खातो आणि शेतकरी ती लावतो. गर्दी आणि ओल एकत्र आली की मातीतल्या बुरश्या आणि त्यांचे भाऊबंद खूश होतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशी त्यांची नावं. ते कोवळ्या रोपाला जमिनीलगत धरतात आणि रोप कोलमडतं. माझ्या ट्रेत नेमकं हेच झालं होतं.

काकाची पद्धत अशी. मार्च-एप्रिलमध्ये राबाच्या जागेवर शेण पसरायचं. त्यावर कवळ, म्हणजे ऐनासारख्या झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या. त्यावर पातेरा आणि गवत. सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर, म्हणजे भडका उडत नाही, ते आतल्या आत धुमसत राहतं. आणि पेटवायचं वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग सावकाश सरकते. जळून गेल्यावर जमीन काळीभोर होते. पहिल्या पावसाच्या तोंडावर तिथे पेरणी.

सरकार विरुद्ध राब

आता गोष्ट मागे नेतो. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली हे आपण शाळेत पाठ केलंय. पण त्यानंतर तीनच वर्षांत, १८५६ साली, गाडी खोपोलीपर्यंत पोचली होती हे मला माहीत नव्हतं. १८६३ साली बोरघाटातली लाईन सुरू झाली. रेल्वेला स्लीपर्स हवेत, मुंबईला सरपण हवं, आणि हे सगळं देणारं जंगल इथेच, हाताच्या अंतरावर. १८७८ साली जंगल कायदा आला आणि राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या.

आणि इथेच राबाशी टक्कर झाली. राबाला कवळ लागते, आणि कवळ झाडावरून येते. कोकणात भाताच्या जमिनीला जोडून वरकस जमीन असायची. डोंगरउताराची, नाचणी-वरीची. तिथलं गवत आणि टहाळ राबासाठी वापरायची जुनी वहिवाट होती. वनखात्याच्या नजरेला मात्र दिसत होतं ते एवढंच : हे लोक दरवर्षी झाडं छाटतात, आणि ती जमिनीवर पसरून चक्क जाळून टाकतात. साहेबाला ही शुद्ध उधळपट्टी वाटली तर नवल नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्यांदा वाचताना मलाही तसंच वाटलं.

निर्बंध वाढले, तक्रारी वाढल्या. आरडाओरडा एवढा झाला की १८८५ साली सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. ते कुलाब्यात आलं १८९१ साली, आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली.) १८८७ साली कमिशनचा अहवाल आला. राब हा त्या सगळ्या वादातला एक मोठा मुद्दा होता. शेतकरी म्हणत होता, राबाशिवाय रोप होत नाही. समोरून प्रश्न येत होता, का होत नाही?

आणि घोडं अडलं होतं ते इथेच. शेतकऱ्याकडे "का"चं उत्तर साहेबाला पटेल अशा भाषेत नव्हतं. "बापजाद्यांपासून करतोय" हे उत्तर कमिशनपुढे कितीसं चालणार? ऑफिसमध्ये जुनं कोड साफ करताना आपणही असंच करतो की. एखादी विचित्र ओळ दिसते, कॉमेंट नसते, लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो. आपण म्हणतो, हे काय मूर्खासारखं लिहिलंय? आणि ती ओळ काढली की रात्री दोनला फोन येतो.

सगळेच साहेब एका माळेचे मणी नव्हते हेही सांगायला हवं. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याचे ई. सी. ओझॅन यांनी राबाचे प्रयोग लावून पाहिले. १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानभर फिरलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. इथला शेतकरी अडाणी आहे ही समजूत चुकीची आहे, हे सरकारी अहवालात लिहिणारा हाच माणूस.

उत्तर पुण्यात सापडलं

"का"चं नीट उत्तर यायला १९१२ साल उजाडलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या तीन वर्षं आधी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती तापवली की तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचं गणित बदलतं आणि रोपाला मिळणारा नायट्रोजन वाढतो. मान आणि मंडळींनी तोच धागा राबापर्यंत आणला. राखेतून खत मिळतं हे तर खरंच. पण खुद्द मातीला लागणाऱ्या आचेचाही त्यात मोठा वाटा आहे, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. शिवाय तणाचं बी जळून जातं, हा फायदा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरचाच होता.

म्हणजे बघा, कमिशन बसलं १८८५ ला आणि उत्तर आलं १९१२ ला. मधली सत्तावीस वर्षं शेतकरी बरोबर होता, फक्त त्याला ते सिद्ध करता येत नव्हतं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. मी राहतो पिंपळे सौदागरला. आजूबाजूला दहा-बारा मजली टॉवर, मॉल, आणि सकाळी हिंजवडीकडे निघालेल्या कॅब्जची रांग. याच मान साहेबांनी सहकाऱ्यांसोबत पुण्याजवळच्या एका खेड्याची जमीन, माती, कर्ज, उत्पन्न सगळं घरोघरी जाऊन मोजलं, आणि १९१७ साली त्यावर एक पुस्तक काढलं. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर! ज्या सोसायटीच्या मातीत माझे तीन ट्रे मेले, तिच्या आसपासच हा माणूस शंभरएक वर्षांपूर्वी माती तपासत हिंडला होता. हे वाचून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण झाडांचं काय?

हे वाचून कुणाला वाटेल की जुनं ते सोनं असा माझा सूर आहे. तसं नाही. राबाचा फायदा खरा आहे, तशी त्याची किंमतही खरी आहे. एवढ्याशा तुकड्यासाठी किती झाडं छाटावी लागतात ते काकाच्या मागे डोंगरावर गेल्याशिवाय कळत नाही. धूर होतो. शेण जळून जातं, जे एरवी शेताला खत म्हणून गेलं असतं. आणि आता गुरंच राहिली नाहीत, तर शेण आणणार कुठून? काकाने शेवटची जोडी विकली त्याला सहा वर्षं झाली.

बरं, पुढचं संशोधनही याच मातीत झालं. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ सालचं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं आणि 'कर्जत' नावाच्या भाताच्या कितीतरी जाती तिथून निघाल्या. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. त्यात भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात, म्हणजे राखेचा फायदा झाड न तोडता मिळतो. आणि नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गेल्या दीडेक दशकात जी सगुणा राईस तंत्र पद्धत रुजवली, तिने तर प्रश्नच उडवून लावला. गादीवाफे एकदाच करायचे, बी थेट टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही, त्यामुळे रोपवाटिका नाही आणि राबही नाही.

उरला आचेचा मुद्दा. त्याचं उत्तर आलं १९७६ साली इस्राएलमधून. याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून ती नुसत्या उन्हावर तापवली. मातीतले रोग कमी झाले. याला सोलरायझेशन म्हणतात. मला तर हा बिनधुराचा राबच वाटला.

मे महिन्यातला प्रयोग

मे महिन्यात चार मीटर पारदर्शक प्लॅस्टिक घेऊन गावी गेलो. काकाला सगळं सांगितलं. कमिशन, मान साहेब, इस्राएल. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे सायबाला कळायला एवढी वर्षं लागली?"

मग म्हणाला, "बरं, अर्ध्यात तुझं कर, अर्ध्यात माझं." हे सरळ सरळ ए-बी टेस्टिंग झालं, फक्त काकाला तो शब्द माहीत नाही.

राबाच्या जागेच्या एका अर्ध्या भागात काकाने राब भाजला. शेजाऱ्याकडून शेण मागून आणलं, कवळ मात्र नेहमीच्या निम्मी. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही जमीन भुसभुशीत केली, पाणी पाजलं, प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबल्या. पाऊस येईपर्यंत जवळजवळ पाच आठवडे मिळाले. पेरताना तिथे तुसाची राख मिसळली.

जूनच्या शेवटी गेलो तेव्हा दोन्हीकडे रोपं उभी होती. प्लॅस्टिकच्या बाजूला तण जवळपास नव्हतंच. राबाची रोपं बोटभर उंच आणि जास्त काळपट हिरवी. एका वर्षाच्या, एका तुकड्याच्या निरीक्षणावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण काकाने दोन्हीकडच्या मुठी हातात तोलल्या आणि म्हणाला, "चालंल. पुढल्या वर्षी कवळ कमी तोडू." माझ्यासाठी एवढं सर्टिफिकेट पुरे.

तुमच्या गॅलरीसाठी

आता ज्यांना आपला ट्रे लावायचाय त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून आलेलं थोडं शहाणपण :

१. बागेतली कच्ची माती वापरू नका. मायक्रोग्रीन्सना आठ-दहा दिवसांत खताची फारशी गरजच नसते. चांगला धुतलेला कोकोपीट पुरतो. खाली भोकं असलेला दोन इंच खोल डबा बास.

२. बी स्वयंपाकघरातलं घ्या : मेथी, मोहरी, धने (हलके रगडून दोन फोडी करून), राजगिरा. मुळ्याचं बी घेताना ते खाण्यासाठीचं, औषध न लावलेलं आहे याची खात्री करा. शेतीच्या दुकानातलं गुलाबी-निळं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, ते अजिबात नको. टोमॅटो, वांगी, मिरची यांची कोवळी रोपं खायची नसतात. आणि वालाचं बिरडं आपल्याकडे शिजवूनच खातात, ते तसंच खा.

३. मेथी रात्रभर भिजवा. बी एकावर एक चढणार नाही इतपतच दाट पसरा. हावरटपणा केला की माझ्यासारखं टक्कल पडतं.

४. दोन-तीन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात. पाणी वरून ओतू नका, खालच्या ताटलीत घाला आणि उरलेलं काढून टाका. वारा खेळता हवा. सात ते बारा दिवसांत कात्रीने कापा, धुवा आणि खा.

५. हे जमलं की कुंड्यांकडे वळा. मे महिन्यात जुनी माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थर करून गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवा. हा झाला तुमचा राब. माती कमी असेल तर ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून भागवा. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्या कचऱ्यातूनच अख्खी बाग उभी केली होती. तेव्हा जागा नाही, माती नाही ही सबब मलाही आता देता येत नाही.

पौष्टिकतेचं म्हणाल तर, २०१२ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या आणि तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी पंचवीस प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. बहुतेकांत मोठ्या पानांपेक्षा जीवनसत्त्वं जास्त निघाली, आणि वरच्या नंबरांत होते लाल कोबी, कोथिंबीर, लाल राजगिरा आणि मुळा. तरीही मूठभर रोपांनी पालेभाजीची जुडी सुटत नाही. आईला हे आधीच माहीत होतं.

आणि हे काही फार परदेशी आहे असंही नाही. नवरात्रात घटाभोवती आपण जी रुजवण घालतो, नऊ दिवसांची पिवळीधमक रोपं, ती काय वेगळी असतात?

शेवटचं

राबाची जागा आमच्या शेतात रस्त्याला लागून आहे. त्यामुळे प्लॉटवाल्या एजंटांचा डोळाही नेमका तिच्यावरच. दर पंधरा दिवसांनी बाबांना फोन येतो. आसपासची अर्धी शेतं गेली, तिथे आता फार्महाऊसचे गेट आणि आखीव-रेखीव लॉन आहेत. बाबा म्हणतात, आपल्यापैकी कोण करणार आहे शेती? प्रश्न खोटा नाही. मी सोमवारी सकाळी हिंजवडीलाच असतो.

पण गेल्या रविवारी मी बाबांना म्हटलं, अजून एक मे महिना थांबा. प्रयोगाचं दुसरं वर्ष बघू. ते "बरं" म्हणाले, म्हणजे नक्की काय म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही.

असो. चौथा ट्रे कोकोपीटमध्ये लावलाय. मेथीच आहे. आज नववा दिवस, आणि अजून सगळी उभी आहे. संध्याकाळी कापीन म्हणतो.